हेफेले यांचा सातवा नियम

राइनहोल्ड हेफेले यांचा जगात दोनच गोष्टींवर विश्वास होता. एक ओळंबा आणि दुसरे स्वतः हेफेले. त्यातही ओळंबा ते दोनदा लावून बघत.

यात त्यांचा दोष आहे असं मी म्हणणार नाही. अख्खी नोकरी आमच्या गावच्या नगरपालिकेत बांधकामाचे परवाने देण्यात, म्हणजे खरं सांगायचं तर न देण्यात गेलेली. आमच्या दक्षिणेकडच्या श्वाबेन मुलखात माणूस चालायला लागला की घर बांधायचं मनात घेतो, आणि घर बांधून झालं की त्याला एक खोली वाढवायची असते. नकाशात लिहिलेलं असतं ‘बागकामाच्या अवजारांची खोली’, आणि प्रत्यक्ष जाऊन बघावं तर आत घाम काढायचा गरम सॉना, टॉवेल गुंडाळून बसलेला अर्जदार आणि त्याचे मेहुणे. असे सॉने पकडता पकडता हेफेलेंचे केस पिकले. त्यामुळे कोणी नुसतं ‘शुभ प्रभात’ म्हटलं तरी ते मनात म्हणत, कुठंतरी पाणी मुरतंय.

अशा माणसानं कित्येक वर्षं घरात बसून घरं बांधण्याचा एक खेळ तयार केला होता. साधा लहान मुलांचा सोंगट्या ढकलायचा नव्हे हं, डोकं लावायचा. पण आजी-नातवंडांनी एकत्र बसून खेळावा असा. मोठ्या पुठ्ठ्यावर गावातला एक रस्ता, रस्त्याच्या कडेनं प्लॉट, हातात विटा-लाकूड-कौलांचे पत्ते, आणि लाकडी ठोकळ्यांची मजल्यावर मजला चढवत न्यायची घरं. ज्याची घरं सगळ्यात देखणी तो जिंकला. नाव ठेवलं होतं ‘गल्ली’.

आता आमच्याकडे पुस्तकावर जसं लेखकाचं नाव असतं, तसं खेळाच्या डब्यावर खेळ रचणाऱ्याचं नाव असतं. नाताळच्या सुमाराला दुकानाच्या काचेआड डबे रचलेले असतात आणि लोक डबा उचलून आधी नाव वाचतात. हेफेलेंना तेच हवं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांवर ‘नामंजूर’चा शिक्का मारला, एकदा तरी एखाद्या गोष्टीवर आपलं नाव असावं, आणि ती गोष्ट लोकांनी आनंदानं घरी न्यावी. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. पण बायकोला, ट्राउडेला, ठाऊक होतं. कारण खेळाला नाव सुचायच्या आधीच बुटांच्या एका खोक्यावर ठळक अक्षरांत ‘राइनहोल्ड हेफेले’ असं लिहून झालं होतं आणि धूळ पुसताना ते खोकं तिच्या हाताला लागलं होतं.

ट्राउडेची तक्रार वेगळी होती. जेवणाचं टेबल. त्या टेबलावर इतकी वर्षं गल्ली वसलेली, आणि ही दोघं नवरा-बायको स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी स्टुलावर बसून जेवत. शेवटी एक दिवस बटाट्याचं सॅलड ढवळता ढवळता ती म्हणाली, “राइनहोल्ड, शरद ऋतूत तो खेळ रचणाऱ्यांचा मेळावा आहे ना? कंपन्यांची माणसं येऊन खेळ बघतात तो? तिथं तुझी गल्ली घेऊन जा. नाहीतर नाताळला माझी बहीण येईल तेव्हा मी गल्लीवरच भाजलेला हंस वाढीन.”

“अजून चाचणी झाली नाही.”

“मग कर की चाचणी. लोकांना बोलाव, खेळायला बसव.”

“लोकांना?” हेफेलेंनी काटा खाली ठेवला. “म्हणजे चोरायला बोलावू?”

तर इथून सुरुवात झाली.

चाचणीशिवाय मेळाव्यात कुणी उभं करत नाही, हे हेफेलेंनाही कळत होतं. खेळ परक्या माणसांना समजतो का, त्यांना मजा येते का, हे बघावंच लागतं. पण परकी माणसं म्हणजे कोण? इमारतीत भिंतीला भिंत लागून आयझेलेबाई. शाळेतून निवृत्त झालेल्या शिवणाच्या मास्तरीण, विधवा, आणि गावातली एकही बातमी त्यांना ओलांडून पुढे जात नसे. वरच्या मजल्यावर निहात याल्चिन. त्यांची मोटार शिकवायची शाळा. त्यांचे आजोबा इस्तंबूलहून आमच्या गावच्या कारखान्यात आले, नातवाची श्वाबेनी बोली मात्र हेफेलेंपेक्षा अस्सल, आणि याचाही हेफेलेंना थोडा संशयच होता.

दोघांनी जिन्यातच सल्ले द्यायला सुरुवात केली.

“घरांना पडदे ठेवा हो, हेफेले,” आयझेलेबाई म्हणाल्या. “बिनपडद्याच्या घरात कोण राहील?”

“रस्ता एकदिशा करा,” याल्चिन म्हणाले. “आणि कोपऱ्यावर आरसा. आरसा नसला की अपघात होतात.”

अजून डबा उघडायचा होता आणि यांनी वाहतूक सुरू केली होती! हेफेलेंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी ठरवलं की आधी शपथ.

आमच्याकडे प्रत्येक इमारतीत जिना झाडायची पाळी असते. ज्याची पाळी त्याच्या दाराला आठवडाभर एक लाकडी पाटी लटकते, आणि आठवडा संपला की तो ती निमूटपणे शेजाऱ्याच्या दाराला अडकवून येतो. चर्चमध्ये न जाणारा माणूस आमच्यात खपून जातो. पाटी असताना जिना न झाडणारा खपत नाही. तेव्हा हेफेलेंनी ती पाटी आणून टेबलावर ठेवली आणि दोघांना तिच्यावर हात ठेवून म्हणायला लावलं, की या टेबलावर जे काही दिसेल, घडेल, सुचेल ते सगळं हेफेलेंचं, आणि बाहेर अवाक्षर काढणार नाही.

“सुचेल तेसुद्धा?” आयझेलेबाईंनी विचारलं.

“तेसुद्धा.”

“मग मला सुचून काय फायदा?” असं पुटपुटत त्यांनी हात ठेवला. याल्चिननी तर दोन्ही हात ठेवले.

आता एवढ्यावर कुणाचंही समाधान झालं असतं. पण हेफेले ते हेफेलेच. त्यांच्या खेळाला नियम होते सात, आणि सातवा म्हणजे खेळाचा प्राण. सहा नियमांनी घरं बांधायची, आणि शेवटी सातव्या नियमाप्रमाणे तपासणी! ज्याच्या घराची सावली शेजारच्याच्या प्लॉटवर पडेल त्याचा वरचा मजला शेजाऱ्यानं पाडायचा. शपथ मोडली तरी चोराच्या हाती अर्धवट माल लागावा म्हणून हेफेलेंनी काय केलं असेल? सातवा नियम सांगितलाच नाही. स्वयंपाकी जेवायला बोलावतो आणि मीठ खिशात ठेवतो, तसला प्रकार. ट्राउडेलासुद्धा सांगितला नाही. ती झोपेत बोलायची, असं त्यांचं म्हणणं होतं.

चाचणी झाली. चौघं बसली, पत्ते वाटले, ज्यानं त्यानं आपापली घरं बांधली आणि खेळ संपला. मीठ नसलेल्या जेवणाला जी चव असते ती होती. ट्राउडे मधूनच उठून इस्त्रीचं बटण बंद आहे का ते बघून आली. याल्चिन आपल्या घरापुढून बोटानं मोटार चालवत होते. शेवटी आयझेलेबाई म्हणाल्या, “छान आहे.”

हेफेले खुर्चीतून उठलेच. कारण आमच्यात एखादी वस्तू खरोखर आवडली तर माणूस म्हणतो, “वाईट नाही.” फार आवडली तर काहीच बोलत नाही, फक्त अजून वाढून घेतो. ‘छान आहे’ हे आम्ही मयताच्या घरच्या केकला म्हणतो.

“काही सूचना?” त्यांनी ओठ आवळून विचारलं.

“नाही नाही. छानच आहे,” याल्चिन म्हणाले, आणि टोपी घेऊन निघालेसुद्धा.

हेफेले रात्रभर कूस बदलत होते असं ट्राउडे सांगते. पण सातवा नियम सांगून टाकावा हे काही त्यांच्या मनात आलं नाही. उलट त्यांना वेगळीच शंका आली. ही माणसं एवढी मुकाट का गेली? आयझेलेबाई, ज्यांनी हेफेलेंच्या बाल्कनीतल्या जिरेनियमच्या कुंड्यांवर लांबलचक व्याख्यान दिलं होतं, त्या दोन शब्द बोलून गप्प? आवडलं नाही म्हणून? छे. आवडलंय, आणि आवडलंय हे लपवताहेत!

मग त्यांना खुणा दिसायला लागल्या. खुणा बघायला बसलं की दिसतातच. आयझेलेबाई दुकानातून साखरेच्या चौकोनी तुकड्यांचे पुडेच्या पुडे आणताना सापडल्या. “चहात दोन घालते हल्ली,” म्हणाल्या. पण त्यांना डॉक्टरांनी साखर वर्ज्य केलेली, हे इमारतीत कोणाला माहीत नव्हतं? याल्चिन रद्दी कागदाच्या पेटीपाशी जाड पुठ्ठे उचकताना दिसले. जिन्यात दोघांची कुजबुज चाले आणि हेफेलेंची पावलं वाजली की एकदम हवापाण्याच्या गप्पा. एकदा तर आयझेलेबाईंच्या तोंडून ‘भिंत’ असा शब्द स्पष्ट ऐकू आला, आणि हेफेले वळणावर दिसताच त्या म्हणाल्या, “भिंत... रंगवायला झालीय नाही?” भिंत गेल्याच वर्षी रंगवली होती आणि रंग हेफेलेंनी स्वतः पसंत केला होता.

“ट्राउडे, हे लोक माझा खेळ पळवताहेत,” ते म्हणाले.

“कुठं पळवतील? आयझेलेबाईंचे गुडघे दुखतात,” ट्राउडे म्हणाली. तिनं नजर मात्र मिळवली नाही. हे हेफेलेंच्या लक्षात आलं, आणि त्यांनी मनातल्या मनात बायकोच्या नावापुढेही खूण केली.

सोक्षमोक्ष लागला तो रविवारी दुपारी. जेवणानंतरची ती शांततेची वेळ, जेव्हा आमच्या गावात कुणी खिळासुद्धा ठोकत नाही आणि काचेची बाटली कचऱ्याच्या पेटीत टाकली तर लोक पडदा सरकवून बघतात. ट्राउडे गायनमंडळाच्या तालमीला म्हणून गेली होती. हेफेले कोचावर पडले होते आणि भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला.

साधं हसू नव्हतं. पोट धरधरून, टेबलावर हात आपटून, ‘नाही नाही, ती माझी आहे, मी देणार नाही’ असं ओरडत हसणं. हेफेलेंनी काचेचा पेला भिंतीला लावला आणि पेल्याला कान लावला. नगरपालिकेच्या अधिकाऱ्यानं असं करू नये, पण ही पाहणी होती, आणि पाहणीला त्यांना अधिकार होता. “दोन मजले चढवते, तू अर्धी भिंत देतोस का बोल!” आयझेलेबाईंचा आवाज. “अर्धी भिंत आणि वर कौलं!” याल्चिन. आणि मग तिसरं हसू. ते हसू हेफेलेंनी लग्नाआधी नाचाच्या वर्गात ऐकलं होतं आणि त्यावरच ते भाळले होते. गेल्या काही वर्षांत घरात ऐकलं नव्हतं.

ते तसेच, पायात घरातल्या सपाता घालून, शेजारचं दार ठोकायला गेले.

“शांततेची वेळ आहे!” दार उघडताच ते गरजले आणि आत शिरले. टेबलावर त्यांची गल्ली. साखरेच्या तुकड्यांची घरं, पुठ्ठ्याचा रस्ता, वर याल्चिननी रंगवलेली झेब्रा क्रॉसिंग. मधोमध आलुबुखाराचा केक. आणि खिडकीपाशी हातात साखरेचा मजला धरून ट्राउडे.

“गायनमंडळ?” हेफेले म्हणाले.

“मध्यंतर आहे,” ट्राउडे म्हणाली. लाजेनं तिचे कान लाल झाले होते.

“चोरी! पाटीवर हात ठेवून शपथ घेतली होतीत!”

“अहो, चोरी कसली?” आयझेलेबाई उठल्या. “तुमचाच तर खेळ. शपथ टेबलाबाहेर बोलायची नाही अशी होती. आम्ही बोललो का कुणाशी? नुसते खेळलो. आणि हेफेले, राग मानू नका, तुमच्याकडे खेळताना झोप येत होती. ज्याचं त्याचं घर, ज्याचं त्याचं कुंपण. करायचं काय? मग मला सुचलं, की दोन शेजाऱ्यांनी मधली भिंत एकच बांधावी. दोघांच्या विटा वाचतात. पण मग भिंत कुणाच्या बाजूनं, कौलं कोण देणार, एक मजला वाढवला तर दुसऱ्यानं काय घ्यायचं, यावर जी काय घासाघीस होते ना! याल्चिननी परवा मला दोन खिडक्यांसाठी गॅरेजच्या दाराचं आमिष दाखवलं.”

“आणि बाईंनी मला फसवलं,” याल्चिन अभिमानानं म्हणाले.

“बसा,” ट्राउडे हळूच म्हणाली. “एक डाव.”

“मी फक्त तपासणी करीन,” हेफेले म्हणाले आणि बसले.

तपासणी अंधार पडेपर्यंत चालली. हेफेलेंनी आधी कुणाशीच भिंत वाटून घेतली नाही, एकट्यानं घर बांधलं आणि सपाटून हरले. मग नाइलाजानं याल्चिनबरोबर अर्धी भिंत केली, त्यात आपला कौलांचा एक पत्ता जास्त गेल्याचं त्यांच्या लक्षात आलं आणि ते चक्क खुर्चीवरून उठून भांडले. केकचा दुसरा तुकडा कधी खाल्ला ते त्यांना कळलं नाही. पण घरी येऊन दिवा लावताच डोक्यात लख्ख प्रकाश पडला: हाच डाव आहे! भिंतीचा नियम आपल्या खेळात घुसवायचा आणि मग म्हणायचं, खेळ अर्धा आमचा. बांधकामात हे रोज होतं. शेजारी आधी तुमच्या भिंतीला वेल लावतो, मग वेलीला आधार, मग छप्पर, आणि एक दिवस तुमची भिंत त्याची होते. हेफेलेंना हे पाठ होतं.

“मेळाव्यात माझाच खेळ जाईल,” त्यांनी ट्राउडेला बजावलं. “माझ्या नियमांनी. आणि तुला माहीत नाही असा एक नियम माझ्याकडे आहे.”

“असेल,” ट्राउडे म्हणाली. “तुझ्याकडे मला माहीत नाही असं पुष्कळ असतं. म्हणूनच आपण स्टुलावर जेवतो.”

मेळाव्याच्या दिवशी सकाळीच आगगाडी रद्द झाली. फलाटावर हेफेले, ट्राउडे आणि बुटांचं खोकं. मग ट्राउडेनं, नवऱ्याला न विचारता, याल्चिनना फोन केला. याल्चिन लगेच हजर. शाळेची गाडी, छपरावर ‘शिकाऊ चालक’ असा फलक, आणि मागच्या सीटवर, कशाला म्हणून विचारू नका, आयझेलेबाई. केस नुकतेच धुतलेले आणि अजून ओले.

“चौघं लागतात ना खेळायला?” त्या म्हणाल्या. “खोकं द्या इकडे. मांडीवर धरते.”

हेफेलेंनी खोकं देण्याआधी क्षणभर ओढून धरलं. पण पुढं आणखी एक घोळ होता. गाडी स्टेशनपर्यंत चालवत आणणारा शिकाऊ पोरगा उतरून गेला होता, याल्चिन सवयीनं शिक्षकाच्या सीटवर बसले होते आणि उठायला तयार नव्हते. “इतक्या वर्षांत मी त्या बाजूला बसलो नाही. बसलो की मला चक्कर येते.” म्हणजे गाडी चालवायची हेफेलेंनी! मेळाव्यापर्यंत संपूर्ण रस्ता त्यांचा डोळा मागच्या सीटवरच्या खोक्यावर आणि याल्चिनची जीभ त्यांच्या चालवण्यावर.

“आरसा!”

“आरशातच बघतोय!”

“आरशात रस्ता बघायचा, आयझेलेबाई नाही. गियर. गियर! हेफेले, माझ्याकडे अठरा वर्षांची पोरं याहून बरी चालवतात.” आणि प्रत्येक वळणावर याल्चिन आपल्या बाजूचा ब्रेक दाबत, आणि हेफेलेंचं कपाळ स्टिअरिंगपर्यंत जाऊन परत येई. मागे आयझेलेबाई खोक्याचं झाकण किलकिलं करून आत बघत होत्या. “लाकडाचे ठोकळे खरंच सुबक आहेत हो,” असं त्या म्हणाल्या, आणि हेफेलेंनी चुकीचा फाटा घेतला.

उशीर झाला, पण वेळ सांभाळली गेली. मेळाव्यात लांबच्या लांब टेबलं, प्रत्येक टेबलामागे एक घामाघूम माणूस आणि त्याचा पुठ्ठा. मध्ये कंपन्यांची माणसं फिरत होती. हेफेलेंच्या वाट्याला आल्या लोरेंत्सेन नावाच्या बाई. उत्तरेकडच्या, म्हणजे कमी बोलणाऱ्या, चेहऱ्यावर काहीच न दिसणाऱ्या. हातात घड्याळ.

“अर्धा तास आहे,” त्या म्हणाल्या. “नियम सांगा.”

हेफेलेंनी घसा खाकरला आणि कोट नीट केला. इतकी वर्षं खिशात ठेवलेलं मीठ आता काढायची वेळ आली होती. सहा नियम झाले आणि त्यांनी आवाज खाली आणून सातवा सांगितला. सावली. तपासणी. वरचा मजला पाडणे.

आयझेलेबाईंचा हात हवेतच थांबला. “म्हणजे हा नियम होता? पहिल्यापासून?”

“होता.”

“आणि आम्हाला सांगितला नाहीत?”

हेफेले पत्ते वाटायला लागले. आयझेलेबाईंनी पत्ते उचलले, पण त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून ट्राउडेनं मान फिरवली.

डाव सुरू झाला. लोरेंत्सेनबाईंनी एक घर बांधलं, याल्चिननी दुसरं. मग सगळे सावल्या मोजायला लागले. कुणी मजला चढवेना. चढवला तर शेजारी पाडायचा. जो तो कोपऱ्यात एकमजली घर धरून दुसऱ्याकडे संशयानं बघत बसलेला. टेबलावर अगदी तस्सं वातावरण पसरलं जसं परवाना खात्याबाहेरच्या बाकावर असतं. हेफेलेंना ते वातावरण ओळखीचं वाटलं, आणि पहिल्यांदाच आवडलं नाही. लोरेंत्सेनबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. एकदा, मग पुन्हा.

“छान आहे,” त्या म्हणाल्या.

उत्तरेतसुद्धा ‘छान’चा अर्थ तोच असावा. हेफेलेंनी खोक्याकडे पाहिलं. झाकणावरचं नाव त्यांना एकदम फार मोठ्या अक्षरांत लिहिलंय असं वाटलं. आता बाई उठणार, आणि ते नाव कधीच कुठल्या दुकानाच्या काचेत दिसणार नाही.

“अजून वेळ आहे का?” ते कसेबसे म्हणाले. “आम्ही... आमच्या इमारतीत दुसऱ्या पद्धतीनंही खेळतात. मधली भिंत वाटून घेतात.”

“दाखवा.”

आयझेलेबाईंनी दाखवलं. सुरुवातीला जरा तुटकपणे, पण पत्ते हातात आल्यावर त्या राहतात थोड्याच! “बाई, तुमचं घर माझ्या भिंतीला लागतंय. अर्ध्या विटा द्या, नाहीतर मी तिकडे याल्चिनकडे जाते, तो गॅरेजचं दार देतोय.” लोरेंत्सेनबाईंनी नाकारलं. मग विचार केला. मग एका कौलावर घासाघीस केली, हरल्या, आणि त्यांच्या त्या काही न दिसणाऱ्या चेहऱ्यातून खुदकन हसू बाहेर पडलं. पुढच्या टेबलावरचा माणूस घड्याळ दाखवत उभा राहिला, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. “अजून एक डाव,” म्हणाल्या. आणि कोपऱ्यातला लोणी लावलेला ब्रेत्सेल पाव न विचारता उचलून खाल्ला.

डाव संपल्यावर त्यांनी पेन काढलं. “हा भिंतीचा नियम म्हणजेच हा खेळ आहे. बाकी घरं तर सगळेच बांधतात. नियम कुणाचा?”

आलं. ज्याची इतके महिने भीती होती ते आलं. हेफेलेंनी आयझेलेबाईंकडे पाहिलं. आता म्हणणार, माझा.

आयझेलेबाईंनी पत्ते एकावर एक नीट लावले. “यांचा,” त्या म्हणाल्या. “सगळं हेफेलेंचंच. आम्ही नुसते ठोकळे सरकवतो.”

“हो, यांचाच,” याल्चिन म्हणाले. “आम्ही शपथेला बांधलेले आहोत. म्हणजे तसं काही नाही, यांचाच.”

हेफेलेंनी आयझेलेबाईंच्या चेहऱ्यात डाव शोधला. सगळ्या नोकरीत त्यांनी असे चेहरे वाचले होते आणि प्रत्येक वेळी काही ना काही सापडलं होतं. कुठंतरी पाणी मुरतच असतं. पण इथं काहीच नव्हतं. एक बाई होती, जिला तिच्याच डोक्यातून निघालेली गोष्ट दुसऱ्याच्या नावावर करायला जड गेलं होतं, आणि तिनं ती केली होती, कारण तिनं शब्द दिला होता. ज्या माणसाला तिनं शब्द दिला त्यानं तिला अर्धाच खेळ सांगितला होता. हेफेलेंना लाज वाटली. इतकी, की कॉलरमध्ये गरम झालं.

लोरेंत्सेनबाईंचं पेन कागदावर टेकलं होतं. “तर, राइनहोल्ड हेफेले. डब्यावर हेच नाव?”

“नाही,” हेफेले म्हणाले. त्यांचा स्वतःचा आवाज त्यांना ओळखू आला नाही. “भिंत यांची आहे. गेर्लिंडे आयझेले. आणि निहात याल्चिन. तीन नावं लिहा. आणि तो सातवा नियम खोडून टाका.”

“अहो, काय बोलताय?” आयझेलेबाई दचकल्या. “यात काय डाव आहे तुमचा? डब्यावर नाव असलं की त्याला काही कर लागतो का?”

“आणि एखाद्या पोरानं ठोकळा गिळला तर जबाबदारी कुणाची?” याल्चिननी विचारलं. त्यांनी हात मागे घेतले होते.

“काही डाव नाही,” हेफेले म्हणाले. “खेळ तुम्ही केलात. म्हणून नाव तुमचं.”

आयझेलेबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग लोरेंत्सेनबाईंच्या कागदाकडे. मग पुन्हा हेफेलेंकडे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि काढून पुन्हा पुसला.

“माझं नाव? दुकानात? काचेत?” त्या म्हणाल्या. “आधी सांगायचं ना हो, हेफेले. केस तरी वाळवून आले असते.”

“मलाही आत्ताच कळलं, आयझेलेबाई,” हेफेले म्हणाले.